सुलतानाचा दूधभाऊ

कुणासाठी किती पावलं पुढे जायचं, हे एडनच्या कचेरीत सालमीन बा-उबैदला विचारल्याशिवाय ठरत नसे. सलामीच्या नऊ तोफांचा मानकरी आला तर गव्हर्नरसाहेब गालिच्याच्या कडेपर्यंत जात. अकरा तोफांचा आला तर कड ओलांडून आणखी दोन पावलं. ज्याला तोफाच नाहीत अशा डोंगरातल्या शेखासाठी साहेब नुसते खुर्चीतून उठत, आणि तेही पुरते ताठ न होता. गोऱ्या साहेबांच्या बदल्या होत, नवे येत, आणि पहिल्याच आठवड्यात कुणाला तरी चुकीच्या हाताला बसवून रुसवा ओढवून घेत. मग सालमीन धावपळ करून तो निस्तरी. दुभाषा म्हणून चिकटलेला माणूस बावीस वर्षांत मानपानाचं चालतंबोलतं पुस्तक होऊन बसला होता.

क्रेटर वस्तीतल्या त्याच्या दोन खोल्यांच्या घरी मात्र पावलं मोजायची पाळी कधी आली नाही, कारण तिथे येणारंच कुणी नव्हतं. बायको जाऊन अकरा वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. आतल्या खोलीत आई होती, तिचे डोळे गेलेले, कान अर्धे गेलेले. शेजारची फत्तूम दिवसा येऊन तिचं हवं-नको बघे आणि संध्याकाळी आपल्या घरी जाई. मग माय-लेक समोरासमोर बसून रोटी खात आणि घरात भांड्यांचाच काय तो आवाज होई.

सिदाराचा सुलतान हमद बिन सईफ तीन दिवसांच्या भेटीला येतोय, हे सालमीनला कचेरीत सगळ्यांच्या आधी कळलं, आणि आईला ते कुणी सांगावं याचा त्याला घोर पडला. शेवटी फत्तूमनेच बाजारातून बातमी आणली.

"माझा हम्मूदी येतोय म्हणे," संध्याकाळी आई म्हणाली. "आणि तू मला बोलला नाहीस."

"सरकारी काम आहे, उम्मी."

"तुझ्यासाठी सरकारी. माझ्यासाठी कसलं सरकार? दोन वर्षं या छातीला होता तो. एकीकडे तू, एकीकडे तो. आणि तुझ्यापेक्षा जास्त प्यायचा."

ते खरंच होतं. हमदची आई बाळंतपणाच्या तापात गेली तेव्हा सिदाराच्या वाड्यात सालमीनच्या आईला बोलावून घेतलं गेलं, तिच्या कडेवर चाळीस दिवसांचा सालमीन होता. दोघं एका दुधावर वाढले. आपल्यात दुधाचं नातं रक्ताच्या तोडीचं. जिने पाजलं ती आई, तिची मुलं ती भावंडं, तिच्यासमोर पडदा नाही, तिच्या आतल्या खोलीत जायला परवानगी लागत नाही. नऊ वर्षं दोन पोरं एका ताटात जेवली, एका खाटेवर झोपली आणि एकमेकांचे केस उपटत मोठी झाली.

हमद विसाव्या वर्षी गादीवर बसला. सालमीन मधाच्या पोळ्यांची टोपली घेऊन भेटायला गेला. दरवाज्यावरच्या शिपायांनी त्याला थांबायला सांगितलं. तो थांबला. एक दिवस, दोन दिवस, तीन दिवस. चौथ्या दिवशी सकाळी टोपली तिथेच ठेवून तो घरी गेला, आईला म्हणाला, "बंदरात काम आहे," आणि तिला घेऊन किनाऱ्याला उतरला. दरवाज्यावरच्या त्या तीन दिवसांबद्दल तो आईजवळ कधी बोलला नाही. आईची आपली समजूत, की हम्मूदीला राज्याच्या कामातून सवड मिळत नसेल. सव्वीस वर्षं ती त्याच समजुतीवर जगत होती.

"त्याला म्हणावं, एकदा येऊन जा," ती म्हणाली. "मला डोळे नाहीत, हाताने बघेन. पुढच्या वेळी येईल तेव्हा मी असेन होय?"

"मी तिथे माझं काही बोलू शकत नाही, उम्मी. साहेब बोलतात ते हमदला सांगायचं, हमद बोलतो ते साहेबांना. मधे माझा शब्द घालायचा नसतो."

"इतकी माणसं बोलतात, त्यात तुझा एक शब्द मावत नाही?"



पहिल्या दिवशी धक्क्यावर नऊ तोफा उडाल्या. सुलतान उतरला. दाढीत पांढरं आलेलं, पोट सुटलेलं, कमरेला सोन्याच्या मुठीचा खंजीर. सालमीनने काळ्या लोकरीचा सरकारी झगा घातला होता, जरीच्या काठाचा. तो गव्हर्नरसाहेबांच्या मागे अर्धं पाऊल उभा होता. सुलतानाची नजर त्याच्यावरून गेली तशी ती दिव्याच्या खांबावरूनही गेली. बावीस वर्षांच्या सवयीने सालमीनचा चेहरा जागचा हलला नाही.

दरबार ठरल्याप्रमाणे झाला. साहेब गालिच्याच्या कडेपर्यंत गेले. पावसाची चौकशी झाली, मधमाश्यांची झाली, उंटांच्या खरजेची झाली. सालमीन कधी गव्हर्नर होऊन बोले, कधी सुलतान होऊन. "मला फार आनंद झाला," असं तो दोन्हीकडून म्हणाला, आणि त्या खोलीत आनंद न झालेला तो एकटाच होता.

बैठक संपवायची एक खूण होती आणि ती सालमीननेच बसवून दिली होती. ऊद फिरला की पाहुण्याने उठायचं, हे आपल्यात पाळण्यातल्या पोरालाही कळतं. धुपाटणं पुढे आलं की दाढीला धूर घ्यायचा, दुवा द्यायची आणि चालू लागायचं. त्यानंतरही बसून राहिला तो एक तर अडाणी नाहीतर उपाशी. गोऱ्यांना मात्र पाहुण्याला उठवावं कसं तेच कळत नसे, बिचारे जांभया दाबत बसत. म्हणून सालमीनने रीत घातली होती. राजकीय अधिकारी हार्ली साहेबांनी खिशातलं घड्याळ काढून बघितलं की सालमीनने उजवा हात कमरपट्ट्याला लावायचा. दारातला नोकर तेवढंच बघत उभा असे. धुपाटणं आत येई, पाहुणा आपणहून उठे आणि कुणालाही वाईट वाटत नसे.

त्या दिवशीही तसंच झालं. घड्याळ निघालं, हात पट्ट्याला लागला, ऊद आला, सुलतान उठला. जाताना त्याने दुभाष्याकडे पाहिलं नाही.

"काय म्हणाला?" संध्याकाळी आईने विचारलं.

"पाऊस बरा झाला म्हणाला सिदारात."

"माझं विचारलं?"

"गर्दी होती, उम्मी."

पुढ्यातली रोटी तिने तशीच ठेवली.

दुसऱ्या दिवशी उलटभेट होती. गव्हर्नरसाहेब तवाहीच्या पाहुणेघरात सुलतानाकडे गेले. समुद्राकडच्या व्हरांड्यात खुर्च्या मांडल्या होत्या. एका बाजूला साहेब, दुसऱ्या बाजूला सुलतान, मधे बिनपाठीच्या तिवईवर सालमीन. हार्ली साहेब लांब कठड्याशी उभे होते. त्यांना अरबी येत असे, पण पुस्तकातलं. सिदाराच्या खोऱ्यातली बोली त्यांच्या कानावरून वाऱ्यासारखी जाई.

खुशालीचं बोलून झालं. सुलतानाने पेला खाली ठेवला, गव्हर्नरसाहेबांच्या तोंडाकडे अगदी अदबीने बघितलं, आणि खोऱ्यातल्या ठेक्यात म्हणाला, "या लांबनाक्याचं राहू दे बाजूला. आई आहे का?"

गव्हर्नरसाहेब मान झुकवून वाट बघत होते.

"काय म्हणतात सुलतान?"

"हुजुरांना," सालमीन म्हणाला, "इथला वारा फार आवडला."

गव्हर्नरसाहेब जुने नौदलातले. वाऱ्याचा विषय त्यांच्या घरीदारी कुणी काढत नसे, कारण एकदा निघाला की तो आवरत नसे. ते खुलले. हिवाळ्यातला वारा कुठून येतो, उन्हाळ्यातला कुठे वळतो, गलबतं कधी सुटतात, हे सगळं त्यांनी हातवारे करून सांगितलं. चांगली पाच मिनिटं घेतली.

सालमीन सुलतानाकडे वळला. "आहे. डोळे गेलेत. कानांनी अर्धवट ऐकते. तू येणार कळल्यापासून धड जेवलेली नाही."

"मग काल बोलला का नाहीस? दगडासारखा उभा होतास. मला वाटलं, याला आता ओळख ठेवायची नाही."

"तू तरी कुठे बघितलंस माझ्याकडे?"

"अरे, मी तोफा मोजत होतो! माझ्या बापाच्या वेळी आठच उडवल्या होत्या या लोकांनी."

"काय म्हणतात?" गव्हर्नरसाहेब उत्सुकतेने पुढे सरकले.

"विचारतात, उन्हाळ्यात तो उलटा का फिरतो?"

साहेबांनी पुन्हा सुरुवात केली. सुलतान मन लावून ऐकत होता. मधेच त्याला हसू आवरेना आणि तो दाढीत हात घालून खो खो हसला. साहेबही हसले. त्यांच्या वाऱ्यांना आजवर इतकी दाद कुणी दिली नव्हती.

"उद्या येतो," सुलतान डोळे पुसत म्हणाला. "बोटीवर चढायच्या आधी. तिच्या खोलीत जाऊन तिच्या पायाशी बसेन घटकाभर. तुझ्या साहेबाला मीच सांगतो, तू मधे पडू नकोस, नाहीतर तुझी भाकरी जायची."

त्या दिवशी घरी जाताना सालमीन मआल्याच्या वळणावर गाडीतून उतरला आणि उरलेली वाट चालत गेला. इतका आनंद बसल्या जागी पेलवत नव्हता त्याला. बावीस वर्षांत पहिल्यांदा दोन माणसांच्या मधे बसून तो स्वतःचं काही बोलला होता.

हार्ली साहेबांनी जुन्या फायली उपसल्या. सलामीचा मानकरी कचेरीतल्या माणसाच्या घरी गेल्याची नोंद त्यांना कुठे सापडली नाही. पण सुलतानाने हट्टच धरला, तेव्हा त्यांनी मार्ग काढला. "पाव तास. पहारा नाही, बिगूल नाही. गाडी दारात उभी राहील आणि मीही दारातच थांबेन. आणि एक विचारायचं होतं, शेख सालमीन. तिथे तुम्ही कोण असाल? दुभाषे की यजमान?"

साहेबांना ते कागदावर लिहायचं होतं. थोडी वाट बघून त्यांनीच शेवटी 'दुभाषे' असं लिहिलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी फत्तूमने घर डोक्यावर घेतलं. भिंतींना मासळीचा वास बसलेला, तो जावा म्हणून तिने उंबऱ्यापासून परसापर्यंत पाणी ओतलं. सालमीन कचेरीतून झगा घालूनच आला होता, कारण हार्ली साहेबांच्या कागदावर तो कामावर होता. आल्या आल्या त्याने फत्तूमला शिकवायला घेतलं.

"आधी किशर. कॉफीच्या टरफलांत आलं जास्त घाल, तो लहानपणी तसंच प्यायचा. मग तो आत जाईल उम्मीकडे. तिथे कुणी डोकवायचं नाही. तो बाहेर येऊन बसला की मग ऊद. निखारे परसात तयार ठेव. मी पट्ट्याला हात लावला की आण, त्याआधी नाही."

"अरे, किती वेळा सांगशील? मी काय गोरी आहे?" फत्तूम म्हणाली. "आणि आईला आवरायला सांग. सकाळपासून तीन ओढण्या बदलल्या. आता म्हणते सिदाराची लाल शाल हवी, ती पेटीच्या तळाशी आहे."

आई आतून ओरडली, "त्याने मला लालच शालीत पाहिलंय! दुसऱ्या शालीत ओळखेल का मला?"

"तो ओळखेल गं, त्याला डोळे आहेत!" फत्तूमने उत्तर दिलं, आणि दोघी हसल्या. त्या घरात किती दिवसांनी कुणी हसत होतं.

गाडी आली. सुलतान वाकून आत आला, चौकट त्याच्या फेट्याला लागली. त्याचा खंजीरवाला मुकबिल दाराच्या आत उभा राहिला, हार्ली साहेब बाहेर उन्हात. सुलतान बाहेरच्या खोलीत चटईवर बसला आणि त्याने सगळीकडे नजर फिरवली. बघण्यासारखं फार काही नव्हतं. एक कपाट, एक घागर, खिळ्याला अडकवलेली छत्री.

किशर आली. पहिला पेला झाला, दुसरा झाला.

"जाऊ आत?" सुलतानाने विचारलं.

"शाल बांधतेय. तुझ्यासाठी लाल शाल काढलीय तिने. झालंच, जरा थांब."

"थांबतो की." सुलतान गुडघा चोळत म्हणाला. मग आवाज खाली आणून, "एक विचारू? निघून का गेलास तू? मी माणसं पाठवली होती तुझ्या घरी. कुलूप होतं."

"तीन दिवस तुझ्या दरवाज्यावर उभा होतो मी."

"कोणत्या दरवाज्यावर?"

"मोठ्या. मध घेऊन आलो होतो."

सुलतान त्याच्याकडे बघतच राहिला. "मला कुणी सांगितलं नाही, सालमीन. मला मेले कधीच काही सांगत नाहीत. आत मी, बाहेर सगळे. सव्वीस वर्षं झाली, माझ्याशी कुणी भांडलेलं नाही. तुला ठाऊक आहे, माणसाशी कुणी भांडेनासं झालं की कसं होतं ते?"

सालमीनला ठाऊक होतं. सांगावं असं त्याला फार वाटलं. मलाही ठाऊक आहे रे, मी रोज संध्याकाळी तेच खातो, असं अगदी ओठांवर आलं होतं. तेवढ्यात दारातलं ऊन हललं. हार्ली साहेबांनी आत डोकावलं, खिशात हात घातला आणि घड्याळ काढून बघितलं.

आणि सालमीनचा उजवा हात कमरपट्ट्याला लागला.

त्याने तो लावला नाही, तो लागला. बावीस वर्षांत हजारदा लागला होता तसा. हाताकडे लक्ष जाताच त्याने तो झटकन मागे घेतला, पण परसाच्या दारात फत्तूम डोळ्यांत तेल घालून उभी होती. ती वळली, आणि तोंडात शब्द येण्याआधी धुपाटणं खोलीत आलं. उदाचा जाड पांढरा धूर चटईवरून सुलतानाच्या गुडघ्यांपर्यंत सरकला.

सुलतान अजून आत गेलेलाच नाही, हे फत्तूमच्या लक्षात आलं, पण धुपाटणं हातात घेऊन मागे फिरणं हे पाहुण्याच्या तोंडावर दार लावण्यासारखं. ती तशीच पुढे झाली आणि तिने ते सुलतानापुढे धरलं.

सुलतानाने आधी धुराकडे पाहिलं, मग सालमीनकडे. चेहऱ्यावर राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं. नऊ वर्षांचा हमद मार खाल्ल्यावर असाच खालचा ओठ आत घेत असे. त्याने दाढीला धूर घेतला, एकदा उजवीकडून, एकदा डावीकडून, आणि गुडघ्यावर हात टेकून उठला.

"तू माझ्या दारात तीन दिवस उभा होतास," तो म्हणाला. "मला तू पाव तासही उभं केलं नाहीस. बसवलंस, पाजलंस. माझ्यापेक्षा तूच चांगला यजमान."

चुकून झालं, असं सांगायचं होतं. बस, हमद, आत जा, ती वाट बघतेय, एवढंच. चार शब्द. पण ऊद फिरल्यावर पाहुण्याला बस म्हणणं म्हणजे त्याची थट्टा करणं, आणि तीसुद्धा त्याच्या मुकबिलसमोर. हे झालं रीतीचं. खरं कारण याहून वाईट होतं. सालमीनची जीभ तोंडात तयार होती, आणि कुणीतरी काही बोलेल, मग आपण ते दुसऱ्याला सांगू, याची ती वाट बघत होती. कुणी काही बोललं नाही.

"आपल्या येण्याने घर पावन झालं, हुजूर," तो म्हणाला. असं म्हणायची रीत आहे.

"अल्लाह हे घर भरलेलं ठेवो," सुलतान म्हणाला. हेही रीतीचंच.

मुकबिलने वाट मोकळी केली. चौकटीशी सुलतानाची पावलं जरा घुटमळली. मग हार्ली साहेबांनी गाडीचं दार उघडून धरलं. गाडी गेली तेव्हा गल्लीतली पोरं तिच्यामागे थोडं अंतर पळाली आणि परत आली.

फत्तूम भिंतीला टेकून खाली बसली. "तूच हात लावलास, सालमीन. मी बघितलं, तूच लावलास."

"हो," तो म्हणाला. "मीच लावला."

आता आत जाऊन सांगायचं होतं. त्याने पडदा बाजूला केला. आई खाटेवर बसली होती, लाल शाल बांधून, डोळ्यांत काजळ घालून, मेंदी लावलेले हात मांडीवर ठेवून. उदाचा धूर पडद्याखालून आत गेला होता. तिला तो वास आला होता आणि कुणीतरी आत आल्याचं कळलं होतं. तिचं तोंड असं काही उजळलं की सालमीनने ते तसं कधीच पाहिलं नव्हतं.

"हम्मूदी?"

उम्मी, मी आहे. तो गेला. एवढं बोलायला त्याने तोंड उघडलं. पण तिने दोन्ही हात पुढे केले होते, आणि ते हवेत होते. सालमीन गुडघ्यांवर बसला. हातांना आधी झग्याचा जरीचा काठ लागला. हा झगा कचेरीच्या कपाटात असे, घरी तो कधी आलाच नव्हता.

"केवढा मोठा झालास रे," ती म्हणाली.

"हो," सालमीन म्हणाला. खोऱ्यातल्या ठेक्यात म्हणाला. बावीस वर्षं तो दुसऱ्यांच्या वतीने बोलत होता आणि कधी कुणाचा शब्द बदलला नव्हता, फक्त कालचा वारा सोडून. "मी आलो, उम्मी."

तिने त्याचं कपाळ चाचपलं, भुवया, नाक, गाल. या चेहऱ्यावरून कुणाचा हात फिरून अकरा वर्षं झाली होती. त्याने डोळे मिटून घेतले.

"बसशील ना? इथे, माझ्यापाशी."

तो खाटेवर तिच्याशेजारी बसला. तिने त्याचा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला.

"मला काही नको हो तुझ्याकडून," ती म्हणाली. "एक सांगते तेवढं कर. तुझ्या भावाकडे लक्ष ठेव. दिवसभर लोकांचं बोलतो, घरी येतो तेव्हा तोंडात काही उरलेलंच नसतं. रोटी खातो आणि गप्प बसतो. घरात आहे की नाही ते मला त्याच्या खोकल्यावरून कळतं. बायको गेली तेव्हा माझ्यासमोर रडलासुद्धा नाही. मी काय परकी आहे? मला वाटतं, मी मेले की हे पोर अगदी एकटं पडेल. मग वाटतं, आत्ता तरी कुठे दोघं आहोत?"

पडद्याशी फत्तूम येऊन उभी राहिली होती. तिने पदर तोंडावर धरला आणि ती मागे सरकली.

"तुझं ऐकेल तो," आई म्हणाली. "लहानपणी तुझंच ऐकायचा. सांगशील त्याला?"

"सांगतो."

"रागावू नकोस मात्र."

"नाही रागावत."

किती वेळ गेला कुणास ठाऊक, पाव तासापेक्षा पुष्कळ जास्त. मग तिनेच त्याचा हात थोपटून खाली ठेवला. "जा आता. तुझी माणसं खोळंबली असतील. आणि सालमीनला आत पाठव. असेल कुठेतरी बाहेर, मान खाली घालून उभा."

तो बाहेर आला. सुलतानाचा पेला चटईवर होता, तळाशी आल्याचा चोथा. सालमीनने झगा उतरवला. फत्तूमने काही न विचारता तो घेतला आणि आपल्या घरी निघून गेली. त्याने घागरीतलं पाणी घेऊन तोंड धुतलं, दाढी खसखसून पुसली. मग मुद्दाम पाय वाजवत तो पुन्हा आत गेला, आणि पडद्याशी खोकला.

"आलास?" आई म्हणाली. "कुठे होतास? येऊन गेला तो."

"काय म्हणाला?"

असं त्याने तिला आजवर कधी विचारलं नव्हतं. ती त्याच्या आवाजाच्या दिशेने वळली.

"फारसं बोलला नाही," ती म्हणाली. "पण बसला माझ्याजवळ. कितीतरी वेळ बसला. इथे." तिने शेजारची गादी हाताने चाचपली. "बघ, अजून ऊब आहे."

सालमीन खाली बसला आणि त्याने त्या जागी हात ठेवला.

"आहे, उम्मी," तो म्हणाला.